घरपट्टीच्या वहीतलं गाव

ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात. जन्माचा दाखला असो, पाण्याच्या टाकीचा कॉक असो, नाहीतर भावकीतलं भांडण असो, माणसं आधी भाऊसाहेबाला हाक मारतात. सातारा जिल्हा परिषदेच्या नोकरीत माझी बहुतेक वर्षं जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या डोंगरी ग्रामपंचायतींत गेली. माझं स्वतःचं गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. ऊस, हळद आणि काळं रान. त्यामुळं डोंगरात मी कायम थोडा बाहेरचाच राहिलो. पर्यटन आल्यावर गावाचं काय होतं, याची चर्चा रस्ते, कचरा आणि रोजगार यांच्यापुढं सहसा जात नाही. गावातल्या माणसाची गावावरची माया त्यानं वाढते की आटते, हे कुणी विचारत नाही. ग्रामपंचायतीच्या तेहतीस नमुन्यांत त्यासाठी रकाना नाही.

मला मात्र ती माया दिसली ती याच दप्तरात, नमुना आठमध्ये. नमुना आठ म्हणजे करआकारणीची नोंदवही. घर कुणाचं, राहतं कोण, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, घरपट्टी किती. मी नोकरीला लागलो तेव्हा डोंगरातल्या या वह्यांमधली कितीतरी घरं कुलूपबंद होती. मालक मुंबईला. जावळी-पाटणच्या डोंगरातला गडी पिढ्यानपिढ्या मुंबईच्या बंदरात आणि बाजारात पाठीवर ओझी वाहत आला. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. पण कायदा झाला म्हणून कुणी गावाकडं परतला नाही. पोरंही तिकडंच लागली.

तरी त्या कुलपांची घरपट्टी कधी थकली नाही. चैत्र-वैशाखात भैरोबाची यात्रा आली की गाड्या भरभरून मुंबईकर यायचे. कुलपं निघायची, अंगणं सारवली जायची आणि पालखीच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात बैठक बसायची. शाळेची खोली, देवळाचा कळस, नळपाणी योजनेचा लोकवाटा, सगळं त्या बैठकीत ठरायचं. ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ अशी पाटी नसलेलं देऊळ त्या पट्ट्यात शोधून सापडायचं नाही. वर्षातले आठ-दहा दिवस गावात राहणारा माणूस ‘आमच्या गावात असं चालायचं न्हाई’ असं ठासून म्हणायचा आणि गावात बारा महिने राहणारे ते ऐकून घ्यायचे, कारण त्याचा तो हक्क सगळ्यांना मान्य होता. लांब गेल्यानं गाव तुटत नाही, हे मी त्या बैठकांमध्ये पाहिलं.

पुढं वहीतली नावं बदलू लागली. कुलूपबंद घरांच्या जागी बंगले आले, पडीक वरकस जमिनींचे प्लॉट झाले. मालकांचे पत्ते पुण्याचे, मुंबईचे, काही गुजरातेतले. मागणी बिलं टपालानं पाठवायची आणि ‘पत्त्यावर कोणी नाही’ असा शेरा मारून ती परत यायची. नव्या मालकांत चांगली माणसंही होती. कुणी शाळेला संगणक दिले, कुणी यात्रेला वर्गणी दिली. पण बैठकीला त्यांच्यापैकी कुणी आल्याचं मला आठवत नाही.

त्याच काळात एका गावी, कोयनेच्या फुगवट्याच्या काठावर, वाटेचं प्रकरण माझ्यापुढं आलं. गावातून खाली पाण्यावर जाणारी एक पायवाट होती. बायका धुणं घेऊन, गुरं पाण्याला, उन्हाळ्यात माणसं गाळपेरीला, सगळी त्याच वाटेनं जायची. ज्यांना गाळपेर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी उन्हाळ्यात उतरत जातं, तसतशी काठची गाळाची जमीन उघडी पडते आणि धरणग्रस्त त्यात पीक घेतात. पावसाळ्यात ती पुन्हा पाण्याखाली. म्हणजे ज्यांची शिवारं धरणात गेली, त्यांना वर्षातले काही महिने आपल्या जुन्या शिवाराच्या कडेला नांगर धरता येतो. ती वाट गेली एका विकलेल्या प्लॉटातून. नव्या मालकानं रिसॉर्टसाठी चारी बाजूंनी भिंत घातली, वाट बंद झाली.

अर्ज आला. मी गाव नकाशा काढला, तलाठ्याला घेऊन गेलो, सातबाऱ्यावर वहिवाटीची नोंद आहे का पाहिली. नव्हती. तसं सभेत सांगितलं, तेव्हा मागं बसलेली एक आजी उठली. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी खोचलेली, हातात विळा तसाच. म्हणाली, ‘‘भाऊसाहेब, वाट कागदावर न्हाई म्हन्ता. मग आमच्या पायांस्नी कशी ठावं?’’

उत्तर नव्हतं. मामलेदार न्यायालयाचा कायदा १९०६ सालचा आहे आणि वहिवाटीच्या वाटेला अडथळा झाला तर तहसीलदाराकडं दाद मागता येते, पण त्याला सहा महिन्यांची मुदत असते आणि ती उलटून गेली होती. गावानं आधी तोंडी विनवण्या करण्यात वेळ घालवला होता. भिंत राहिली. पुढं त्याच आजीचा नातू त्या रिसॉर्टच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागला. मालक नसला की तो फाटक उघडायचा आणि आजी आत शिरून, हिरवळीच्या कडेकडेनं, जुन्या वाटेवरून खाली जायची. एकदा मी तिथं होतो. ती चालता चालता दोन्ही बाजूंना पाहत नव्हती, डोक्यावरचं गाठोडं सावरत सरळ जात होती. नातू मात्र रस्त्याकडं नजर लावून होता, कुणाची गाडी तर येत नाही ना. नोकरी त्याला हवी होती, त्यात काही चूक नव्हती. पण आजीला आपल्याच वाटेनं न्यायला त्याला भ्यावं लागत होतं. मुंबईला ओझी वाहणाऱ्या त्याच्या आजोबाला गावात असं कधी भ्यावं लागलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाहेरची माणसं आली म्हणून कुणाची माया आटत नाही आणि गाव सोडावं लागलं म्हणूनही आटत नाही. गावातलं काही ठरवायचा अधिकार हातातून गेला, की मग गावात राहूनही माणूस परका होतो. पर्यटन चांगलं की वाईट हा वाद मला त्यामुळं अपुरा वाटतो. तिथल्या व्यवस्थेत गावाचा शब्द चालतो का, हे मी आधी पाहतो.

कासचं उदाहरण घ्या. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरवरचा हा सडा. स्थानिक माणूस पठार म्हणत नाही, सडाच म्हणतो. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात त्यावर पाणी साचतं आणि भाद्रपदात गेंद, तेरडा, सीतेची आसवं, सोनकी अशी फुलं पाळीपाळीनं येतात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, २०१६ साली फुलली, मग २०२३ साली. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या निवडक ठिकाणांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, त्यात कास आलं. मग गर्दी अशी उसळली, की सप्टेंबरच्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात एस.टी. तासन्‌तास अडकून पडायची. बाळंतिणीला साताऱ्याला न्यायची गाडी, दूध घेऊन उतरणारा टेम्पो, परीक्षेला निघालेली पोरं, सगळी त्याच रांगेत. त्या दिवसांत वरच्या गावांतली माणसं पर्यटकांविषयी जे बोलायची ते इथं लिहिण्याजोगं नाही, आणि त्यांचा राग खोटाही नव्हता.

त्यातून जी व्यवस्था उभी राहिली, ती मला महत्त्वाची वाटते. कास, कासाणी, आटाळी, एकीव या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी वनखात्याबरोबर सड्याची राखण हाती घेतली. पुढं आणखी गावं जोडली गेली. प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी, दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा, पार्किंगपासून सड्यापर्यंत ने-आण. इटलीतल्या व्हेनिस शहरानं दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून शुल्क घ्यायला २०२४ साली सुरुवात केली, त्याची जगभर बातमी झाली. आमच्या जावळी-साताऱ्याच्या डोंगरी गावांनी हे त्याच्या कितीतरी आधी करून दाखवलं होतं. हंगामात गावातली पोरं-पोरी शिट्टी घेऊन सड्यावर उभी असतात. दहावीला शाळा सोडलेला पोरगा फुलापाशी वाकून युट्रिक्युलारिया हे कीटकभक्षी वनस्पतीचं नाव न अडखळता सांगतो आणि लगेच जोडतो, ‘‘आमच्यात सीतेची आसवं म्हणत्यात.’’ फुलावर पाय देणाऱ्या, मोटारीतून आलेल्या साहेबाला तो हटकतो आणि साहेब मागं सरकतो. डोंगरातल्या पोराचा शब्द शहरातल्या माणसानं असा ऐकावा, हे माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी पाहिलं नव्हतं. ती पोरं मुंबईला गेली नाहीत. काही तर मुंबईहून परत आली.

कासलाही दुखरी बाजू आहे. गर्दी आवरण्यासाठी सड्याला जाळीचं कुंपण घातलं, तेव्हा गुरांचं चरणंही थांबलं. म्हातारी माणसं पहिल्यापासून सांगत होती, की गुरं चरली तर गवत आखूड राहतं, शेण पडतं, खुरांनी माती हलते आणि फुलं येतात. गवत माजलं की फुलं दबतात. त्यांचं ऐकायला वर्षं लागली. पुढं काही अभ्यासकही तसंच म्हणू लागले आणि अखेर कुंपण काढलं गेलं. फुलं नेमकी किती घटली आणि का, हा शास्त्राचा प्रश्न आहे, मी त्यात बोलणार नाही. पण सड्याला कुंपण घालताना, ज्यांची गुरं तिथं पिढ्यानपिढ्या चरली त्यांना शेवटी विचारलं गेलं, हे मी पाहिलेलं आहे. ‘आमच्या गुरांनी राखलेला सडा’ असं म्हणणारा माणूस मधल्या काळात ‘त्यांचं पठार’ म्हणू लागला होता.

बामणोली-तापोळ्याच्या बाजूला बोट क्लब आहेत. कोयना धरणानं ज्यांची गावं बुडवली, त्यांतल्या काही घरांची पोरं आज त्याच पाण्यावर बोट चालवतात. बाकीची माणसं तर रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीपर्यंत पांगली. अनेकांचं पुनर्वसन साठ वर्षांनंतरही पुरं झालेलं नाही, त्यासाठी ती अजून आंदोलनाला बसतात. बोटी नंबरानं सुटतात, पाळी ठरलेली असते, त्यामुळं भांडण होत नाही. वासोटा किल्ल्याला जाणारी पोरं बोटीत मोबाइलवर गाणी लावतात. एकदा चालवणाऱ्यानं मधेच इंजिन हळू केलं आणि बोट दाखवून म्हणाला, ‘‘हितं खाली आमचं गाव. आज्जाच्या घराची जोती उन्हाळ्यात दिसत्यात.’’ बोटीतल्यांनी गाणी आपणहून बंद केली आणि प्रश्नांवर प्रश्न विचारले. किती घरं होती, देऊळ कुठं गेलं, माणसं कुठं गेली. तो उतरेपर्यंत सांगत राहिला. नंतर मला म्हणाला, ‘‘रोज सांगतो. माझ्या पोराला कोण सांगनार, म्हनून बोटीत त्यालाबी बसवतो.’’ त्याच्या कुटुंबात बुडालेल्या गावाची आठवण पर्यटकांच्या निमित्तानं तिसऱ्या पिढीपर्यंत पोचली. हे मी ठरवून शोधलं असतं तर मला सापडलं नसतं.

महाबळेश्वर-पाचगणीची कथा वेगळी आणि जुनी. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमनं तिथं हवा खाण्याचं ठिकाण वसवलं, तेव्हापासून तिथला माणूस पाहुण्यांबरोबरच वाढला. २००१ साली केंद्र सरकारनं तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. जंगल वाचायला ते हवंच होतं. पण माझ्याकडं येणाऱ्या तक्रारी अशा असायच्या: पोराचं लग्न आहे, मागं एक खोली काढायची आहे, परवानगी मिळत नाही आणि समोर डोंगर फोडून चार मजले चढलेत. मे महिन्यात गावाला दिवसाआड पाणी आणि पलीकडं पोहण्याचे तलाव भरलेले. हा अन्याय माणूस मनात धरून ठेवतो. नियमावर त्याचा राग नसतो, नियम फक्त आपल्यालाच लागतो याचा असतो.

त्याच तालुक्यातलं भिलार मात्र मी आवर्जून लोकांना दाखवतो. स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचं गाव झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायची. तिथं जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, इथं पुस्तकं विकायला नाहीत, वाचायला आहेत आणि गावकऱ्यांच्या घरांत आहेत. कुणाच्या ओसरीत कविता, कुणाच्या माडीवर चरित्रं, कुठं बालसाहित्य. अनोळखी माणूस घरात येतो, खुर्चीत बसून तासभर वाचतो, घरची बाई त्याला पाणी देते, जमलं तर दोन शब्द बोलते आणि आपल्या कामाला लागते. एका घरी मी विचारलं, सारखी माणसं येतात, त्रास होत नाही का? बाई म्हणाल्या, ‘‘आपण होऊन खोली दिलीय की. कुणी घेतली न्हाई.’’ भिलारला स्ट्रॉबेरीचा पैसा आधीच होता, पोटासाठी जमीन विकायची पाळी आली नव्हती, हेही खरं. सगळ्या गावांना ते जमेल असं मी म्हणणार नाही. पण त्याच तालुक्यात मांघर गाव २०२२ साली मधाचं गाव म्हणून पुढं आलं, तेही घरोघर चालत आलेल्या मधपाळीच्या जोरावरच.

सुट्टीला मी गावी, कृष्णाकाठी यायचो, तेव्हा औदुंबरला जायचोच. आमच्या पट्ट्यात पर्यटन हा शब्द कुणी वापरत नाही. माणसं दत्ताच्या दर्शनाला येतात, पौर्णिमेला आणि गुरुवारी घाटावर पाय ठेवायला जागा नसते. तरी काठच्या माणसाच्या तोंडी ‘ही बाहेरची माणसं’ असा सूर मी ऐकलेला नाही. कारण गर्दीचं वेळापत्रक गावाच्या पंचांगातलं आहे. पूजा कुणाची, पालखी कुणाच्या खांद्यावर, प्रसाद कुणी करायचा हे ठरलेलं आहे. संक्रांतीला तिथं सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन भरतं. खेड्यातल्या माणसांनी, कवी सुधांशूंसारख्यांनी, लावलेलं ते रोपटं आहे आणि मोठमोठे साहित्यिक तिथं पाहुणे म्हणून येऊन गेले. पुढं शासनानं पुस्तकांच्या गावाची योजना वाढवली, तेव्हा अंकलखोप-औदुंबरची निवड झाली. २०१९ च्या महापुरात घाट, देऊळ, काठची घरं पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर गाळ काढायला सगळ्यात आधी काठचीच माणसं आली.

शिराळ्याची नागपंचमी हे मात्र आमच्याच जिल्ह्यातलं दुखणं. जिवंत नागाच्या पूजेला गर्दी वाढली, कॅमेरे आले, नाग हातात धरून मिरवणं वाढलं, शेवटी न्यायालयानं बंदी घातली. वन्यजीव कायदा आहे आणि तो पाळायलाच हवा, यात माझं दुमत नाही. पण पूजेचा तमाशा होत असताना गावानं तो थांबवला असता, तर निर्णय गावाच्या हातून गेला नसता, असं मला वाटतं. आजही शिराळकर माणूस पंचमीविषयी बोलताना हळवा होतो.

आता डोंगरात नवी गोष्ट चालली आहे. नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी सातारा जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातली २३५ गावं राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली आली. २०२४ साली आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या गेल्या. गावांतली अनेक पोरं या प्रकल्पाच्या बाजूनं आहेत आणि त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. रस्ता, दवाखाना, गावात मिळणारं काम त्यांनाही हवं आहे, आणि मुंबईला जाऊन ओझी वाहण्यात कसला रोमान्स नाही. पण नियोजनाचा अधिकार ग्रामपंचायतीकडून महामंडळाकडं जातो, तेव्हा माझ्यासारखा ग्रामसेवक फक्त दाखले देणारा उरतो आणि ग्रामसभा ऐकून घेणारी. कासच्या पोरांच्या हातात शिट्टी आहे आणि त्या आजीच्या नातवाच्या हातात फाटकाची किल्ली. या २३५ गावांतल्या पोरांच्या हाती यांतलं काय येणार, ते आराखड्यातल्या बारीक अक्षरांवर ठरेल.

डोंगरात जमीन घेऊ पाहणाऱ्या शहरातल्या वाचकांना माझी विनंती आहे, की सातबारा पाहाच, पण त्याआधी ग्रामसभेत एकदा जाऊन बसा. तुमच्या प्लॉटातून कोण कुठं जातं ते विचारा आणि ती वाट मोकळी ठेवून मगच भिंत घाला. आणि डोंगरातल्या गावांना, मुंबईच्या मंडळांना सांगणं आहे: यात्रेच्या बैठकीत या वर्षी कळसाचा विषय मागं ठेवा. गावातली प्रत्येक जुनी पायवाट, पाणवठा, देवराई, स्मशान, गुरांची चरणाची जागा नकाशावर उतरवा, ग्रामसभेत तसा ठराव करा, तो तहसीलदारांकडं द्या आणि त्याची पोच घेऊन दप्तरात लावा. हे काम जमीन विकण्याआधी करायचं असतं. वाट अडवली गेलीच, तर सहा महिन्यांच्या आत अर्ज करा.